विजेची स्कूटर घेताना

व्यापाऱ्याचे अर्धे आयुष्य गादीवर जाते आणि उरलेले अर्धे वाटेवर, असे आमचे वडील म्हणत. गोदाम, बँक, वसुली, रेल्वे मालधक्का अशा फेऱ्यांतच दिवस मावळतो. या फेऱ्यांस प्रथम सायकल होती. पुढे १९७२ साली लूना व चेतक ही दोन्ही वाहने बाजारात आली आणि पेठेतील माणसाच्या पायांस जणू चाके फुटली. लूना ही मूळच्या अहमदनगरच्या फिरोदिया घराण्याची निर्मिती. मागे कापडाचा गठ्ठा व पुढे पिशवी बांधून ती कोणत्याही अरुंद गल्लीतून निघे. आज तीच दोन नावे विजेवर चालणाऱ्या वाहनांस लागली आहेत. विजेची चेतक जानेवारी २०२० मध्ये विक्रीस आली, तर विजेची लूना फेब्रुवारी २०२४ मध्ये. साहजिकच घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : पाडव्याला विजेची स्कूटर घ्यावी काय?

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस विद्वत्तेने मिळालेला नाही, तो ठेच लागून मिळाला आहे. म्हणून प्रथम आमचीच चूक सांगतो.

बेळगावात आमचे कापडाचे दुकान तळमजल्यावर आणि बिऱ्हाड वर. २०२१ च्या पाडव्यास आम्ही एक स्वस्त विजेची स्कूटर घेतली. परवाना नको, नोंदणी नको, विमाही सक्तीचा नाही, असे विक्रेत्याने सांगितले आणि आम्ही त्यावर भाळलो. माल घेताना दहा दुकाने फिरणारे आम्ही येथे मात्र एकाच दुकानात शिरलो व पैसे मोजून बाहेर पडलो. दुसऱ्या पावसाळ्यात बॅटरी निम्म्यावर आली. चौकशीस गेलो तो दुकानाच्या फळ्या कायमच्या लागलेल्या. तरीही ते नुकसान पैशांचे होते, सोसता आले असते. परंतु ऑगस्ट २०२२ मधील एका रात्री जिन्याखाली, कापडाच्या गाठींलगत ती स्कूटर चार्जिंगला लावलेली असता आमच्या काकूंना जळका वास आला. त्या वेळीच उठल्या म्हणून बरे. भिंतीतील जुन्या सॉकेटात प्लग वितळून चिकटला होता आणि वरची गाठ तेथून हातभर अंतरावर होती. वर आम्ही अकरा माणसे झोपलो होतो व खाली उतरण्यास तोच एक जिना होता.

यानंतर महिन्याभरातच, १२ सप्टेंबर २०२२ रोजी, सिकंदराबाद येथे विजेच्या स्कूटरांच्या विक्रीदालनात आग लागली. धूर जिन्याच्या वाटेने वरच्या हॉटेलात चढला आणि आठ जणांचा बळी गेला. ते वृत्त वाचताना आमच्या घरात कोणी कोणाशी बोलले नाही. खाली दुकान व वर घर ही रचना आपल्यापैकी अनेकांची आहे. त्यामुळे या लेखात हिशेबाच्या गोष्टी पुष्कळ येणार असल्या, तरी सभासद बंधुभगिनींनी वाहन कोणते घ्यावे याआधी ते रात्री कोठे उभे राहणार हे ठरवावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

जागा उघडी किंवा निदान हवेशीर असावी. जिना व बाहेर पडण्याचा मार्ग तिने अडवू नये. कापड, कागद, तेल, रंग यांपासून ती दूर असावी. चार्जिंगसाठी स्वतंत्र तार, योग्य क्षमतेचा सॉकेट, नीट अर्थिंग व आपोआप पडणारे स्विच जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावे. जोडतार लांबवून काम भागवू नये. वाहनाबरोबर आलेलाच चार्जर वापरावा. उन्हातून आलेली बॅटरी थोडी निवल्यावरच चार्जिंगला लावावी. शक्य तर सारे जागे असताना चार्जिंग आटोपावे. लिथियम बॅटरीतील एक घट तापला की त्याची उष्णता शेजारच्या घटास लागते आणि एकामागून एक घट पेटत जातात. अशी आग घरगुती साधनाने विझवण्याच्या भरीस न पडता प्रथम माणसे बाहेर काढावीत आणि अग्निशमन दलास बोलवावे.

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी अशा स्कूटरांनी पेट घेतल्यावर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. ‘एआयएस १५६’ या मानकातील सुधारणा दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ पासून, लागू झाल्या. यास्तव जुने वाहन स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने त्याची व त्याच्या बॅटरीची निर्मिती या तारखांपूर्वीची आहे की नंतरची, हे कागदावर पाहावे.

आता हिशेबाकडे वळू. हे वाहन कोणास परवडते? ज्याचे रोजचे अंतर मोठे, त्यास. आमचे धाकटे बंधू रोज उद्यमबागेतील गोदामास जातात, दुपारी वसुलीला निघतात. त्यांचे दिवसाचे सुमारे २५ किलोमीटर होतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ७,५०० किलोमीटर. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते व लिटर १०० रुपयांचे, असे धरल्यास खर्च सुमारे १६,७०० रुपये. विजेची स्कूटर, चार्जिंगमधील तूट धरून, युनिटास २५ किलोमीटर चालते व युनिट ८ रुपयांचे, असे मानल्यास ३०० युनिटांचे २,४०० रुपये. वर्षाची बचत १४,००० च्या घरात जाते. तोलाच्या पेट्रोल वाहनापेक्षा किंमत २५,००० रुपये अधिक पडली, तरी ती दोन वर्षांच्या आत वसूल होते.

याउलट आमच्या मोठ्या भावांचे पाहा. घर ते दुकान व दुकान ते बँक मिळून त्यांचे दिवसाचे ८ किलोमीटरही होत नाहीत. त्यांच्या बाबतीत याच दराने वर्षाची बचत साडेचार हजार रुपये येते आणि तेच २५,००० रुपये फिटण्यास साडेपाच वर्षे लागतात. म्हणजे एकाच घरात एका भावास ही स्कूटर लाभाची व दुसऱ्यास केवळ हौसेची ठरली. प्रत्येकाने आपल्या गावचे दर व आपले अंतर घालून हा हिशेब स्वतः मांडावा. त्यासाठी आठ दिवस रोजचे अंतर रोजकीर्दीप्रमाणे लिहून ठेवावे. आमचा अनुभव असा की, मनाने धरलेले अंतर व वहीत उतरलेले अंतर यांचा मेळ सहसा बसत नाही.

या हिशेबात एक रक्कम बहुतेकांकडून सुटते, ती बॅटरीच्या घसाऱ्याची. बॅटरी ही या वाहनातील सर्वांत महाग वस्तू. तिची शक्ती वर्षागणिक घटते आणि पुढे ती बदलावी लागते. तेव्हा वर्षाची बचत सारी खर्च न करता तिचा काही भाग त्या नावाने बाजूला ठेवावा. खरेदीपूर्वीच नव्या बॅटरीची आजची किंमत लेखी विचारावी. हमीच्या मुदती तीन वर्षांपासून आठ वर्षांपर्यंत आढळतात. पण मुदतीबरोबर किलोमीटरची मर्यादा असते आणि शक्ती किती उतरली म्हणजे बॅटरी बदलून मिळेल, याचीही अट असते. हे बारीक अक्षर वाचल्याविना सही करू नये. बॅटऱ्यांतही जाती आहेत. निकेल, मँगनीज व कोबाल्ट यांची बॅटरी वजनास हलकी. लोह-फॉस्फेटची बॅटरी तेवढ्याच शक्तीस जड, परंतु उष्णतेस अधिक दाद न देणारी आणि अधिक वेळा भरता येणारी. रोज चार्जिंग करणाऱ्यास हा फरक महत्त्वाचा आहे.

एका चार्जिंगमध्ये किती अंतर जाईल, याविषयी जाहिरातीतील आकड्यावर विसंबू नये. तो आकडा ठरावीक पद्धतीच्या चाचणीतून येतो. आपल्या रस्त्यावर चढ, मागे बसलेला माणूस, पुढे ठेवलेला माल व घाई ही सारी त्यातून वजा होतात. आमच्या अनुभवास तो आकडा दोनतृतीयांश उतरला. म्हणून आमचा ठोकताळा असा : जाहिरातीतील अंतराचे दोनतृतीयांश करावेत व ते रोजच्या गरजेच्या दुप्पट भरतात काय ते पाहावे. २५ किलोमीटरवाल्यास खरे ५० किलोमीटर पुरेत. त्याहून मोठी बॅटरी घेणे म्हणजे न लागणारा माल गोदामात भरून ठेवणे होय. हे वाहन पेठेतील ये-जेसाठी आहे. चोर्ला घाट उतरून गोव्यास जाण्याचा मोह असणाऱ्याने दुसरा विचार करावा.

परवाना नको म्हणून विकल्या जाणाऱ्या वाहनाची कायदेशीर व्याख्या ध्यानी ठेवावी. ज्याची मोटार २५० वॅटहून अधिक नाही आणि वेग ताशी २५ किलोमीटरहून अधिक नाही, तेवढ्यालाच ही सवलत आहे. वेगाचा लगाम गुपचूप सैल करून दिलेले वाहन कायद्याने मोटार वाहनच ठरते. अपघात झाल्यास नोंदणी, विमा व परवाना यांवाचून मालक उघडा पडतो. रोज बाजारातून फिरणाऱ्याने हिरव्या पाटीचे, नोंदणी केलेले वाहनच घ्यावे.

सरकारी सवलतीचा भरवसा धरून किंमत ठरवू नये. जून २०२१ मध्ये बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे, म्हणजे वीजबिलातील एका युनिटाच्या क्षमतेमागे, अनुदान १५,००० रुपये झाले होते. जून २०२३ मध्ये ते १०,००० वर, एप्रिल २०२४ मध्ये ५,००० वर आणि पुढे पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २,५०० वर आले. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरील जीएसटी ५ टक्के झाला, हा लाभ खरा. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील करही २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने दोहोंतील अंतर कमी झाले आहे. सवलत मिळाल्यास आनंद मानावा, परंतु हिशेब तिच्याविना जुळत असेल तरच पाऊल टाकावे.

शेवटची गोष्ट पेढीची. माल पाहण्यापूर्वी पेढी पाहावी, हा आपल्या धंद्याचा जुना नियम आम्ही त्या वेळी विसरलो. दुरुस्तीचे केंद्र आपल्याच गावात आहे काय, सुटे भाग किती दिवसांत येतात, भर पावसाळ्यात बंद पडलेली गाडी कोण नेतो, हे विक्रेत्यास न विचारता दोन वर्षे तेच वाहन वापरणाऱ्या दोघांतिघांस विचारावे. बॅटरी व मोटार पाण्यापासून सुरक्षित आहेत, हे ‘आयपी ६७’ या खुणेने कळते. तरी तुंबलेल्या पाण्यातून ती चालवू नये व जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये.

आमच्या घरी सध्या एकच विजेची स्कूटर आहे, धाकट्या बंधूंची. मोठ्या भावांनी आपली जुनी पेट्रोलची गाडीच ठेवली आहे. नवी स्कूटर अंगणातील पत्र्याच्या छपरीखाली, स्वतंत्र स्विचावर, संध्याकाळी सहा ते दहा या वेळात चार्ज होते. दहा वाजता काकू स्वतः खाली उतरतात, प्लग काढतात, सॉकेटास हात लावून पाहतात आणि मगच दाराची कडी घालतात. जिन्याखालची जागा आम्ही मोकळी केली. तेथे आता गाठीही ठेवत नाही.

सभासद बंधूंनी हिशेब डोळसपणे मांडून लाभाचे वाहन जरूर घ्यावे. मात्र त्या हिशेबाच्या पहिल्या ओळीत घरातील माणसे असावीत, एवढेच सांगून हा लेख पुरा करतो.