कुरतडलेल्या तारेचा धडा

भाद्रपदात गणरायाच्या पायाशी बसलेल्या मूषकाला भक्तिभावाने हात जोडणारे कुटुंब वर्षाचे उरलेले महिने त्याच्याच भाईबंदांशी झुंजत असते, ही आपल्या घरगुती जीवनातील जुनी विसंगती आहे. पूर्वी या झुंजीत धान्याची पोती, ट्रंकेतील शालू आणि फडताळातील पोथ्या बळी पडत. आता पगारातून हप्ते फेडून आणलेले कपडे धुण्याचे यंत्र, फ्रिज आणि मिक्सर बळी पडतात. एके सकाळी यंत्र सुरू होत नाही. कारागीर येतो, मागचे झाकण काढतो आणि कुरतडलेल्या तारांचा गुंता पुढे धरतो. हमीपत्र शोधून पाहावे, तर उंदरांनी केलेल्या नुकसानीची जबाबदारी झटकणारे कलम बहुधा त्यात बारीक अक्षरांत छापलेले असतेच.

वस्तुतः तारेवरील प्लॅस्टिकमध्ये उंदराच्या पोटाला उपयोगी पडेल असे काही नसते. परंतु त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. वर्षाकाठी ही वाढ सुमारे चार-पाच इंच होते. ते झिजवले नाहीत तर त्याला खाणेच अशक्य होईल. या दातांवर कठीण लुकणाचा थर केवळ पुढच्या बाजूस असतो, त्यामुळे मागची बाजू आधी झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार राहते. तांबे व ॲल्युमिनियम हे धातूही त्या लुकणापेक्षा मऊ आहेत; तेथे रबर आणि प्लॅस्टिक यांची काय कथा? त्यात फ्रिजच्या मागे यंत्राची ऊब असते, कपडे धुण्याच्या यंत्राचा तळ बऱ्याचदा उघडा असतो, नळीजवळ ओल असते आणि ओट्याखाली सांडलेले पीठ असते. बिऱ्हाड थाटण्यास याहून सोयीची जागा कोणती?

मात्र या प्रकाराकडे केवळ खर्चाची बाब म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. यंत्र बंद पडले तर घरधन्याचे नशीब चांगले, असेच म्हणावे लागेल. खरा धोका आहे तो कुरतडलेल्या तारेनिशी चालू राहिलेल्या यंत्रात. उघडे पडलेले तांबे यंत्राच्या पत्र्याला टेकले आणि घरात अर्थिंग धड नसले, तर ओल्या हाताने झाकण उघडणाऱ्या गृहिणीच्या जिवावर बेतते. गॅसची साधी रबरी नळी कुरतडली गेली, तर आगीला एक ठिणगी पुरते. म्हणूनच आत तारेची जाळी असलेली नळी, तीन पिनांची जोडणी, नीट तपासलेले अर्थिंग आणि वीज गळताच प्रवाह तोडणारे उपकरण या गोष्टींना चैन म्हणता येणार नाही. यंत्र अकस्मात बंद पडले, तर बटण पुनःपुन्हा दाबून पाहण्यापूर्वी प्लग काढणे, हा साधा नियम घरातील मुलांनाही ठाऊक असावा.

उपाय म्हणून पहिला हात जातो तो विषाकडे. परंतु विष खाल्लेला उंदीर यंत्रातच मरून पडतो, आणि पावावर लावलेले विष लहान मुलाच्या हाती लागले तर अनर्थ ओढवतो. पिवळ्या फॉस्फरसच्या विषावर तर खात्रीचा उताराच नाही. आरंभी केवळ मळमळ वाटते आणि यकृत निकामी होऊ लागल्याचे दोन-तीन दिवसांनी ध्यानात येते. त्यापेक्षा सापळा बरा, आणि सापळ्यापेक्षा बुजवलेले बीळ बरे. लहान उंदीर शिसपेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही आत शिरतो. तेव्हा मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी, भोकांत काचेचे तुकडे घातलेले सिमेंट, दाराखाली पत्र्याची पट्टी, यंत्राच्या तळाला आवरण आणि रात्री ओट्यावर अन्नाचा कणही न ठेवणे, हाच खरा बंदोबस्त होय.

अर्थात एका घराने बिळे बुजविली की उंदीर शेजारच्या बिऱ्हाडात जातो, आणि कचराकुंडी ओसंडत असेल तर पुन्हा परततो. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा घरे धुतली गेली, सामान जाळले गेले, माणसे हलविली गेली. रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली दाखवून दिले. मूळ सोडून भलत्याच गोष्टींवर घाव घालण्याचा तो प्रकार निदान अज्ञानातून घडला होता. आज कारण ठाऊक असूनही तार बदलली जाते, कारागिराचे पैसे चुकते होतात आणि जिन्याखालचा कचरा मात्र तसाच राहतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने घेतलेले बळी विस्मरणात जाण्याइतके जुने नाहीत.

महापालिकेने कचरा वेळेवर उचलला पाहिजे, हे खरेच. पण खिडकीतून खाली फेकलेली उष्ट्याची पिशवी महापालिका फेकीत नाही. सोसायटीच्या सभेत रंगाच्या छटेवर तासभर वाद घालणाऱ्या सभासदांनी बिळे, गटारे आणि कचरा या विषयाला अर्धा तास दिला, तरी अनेक घरांतील तारा शाबूत राहतील. कदाचित एखादा जीवही वाचेल.