जोडाची कसोटी

माळशिरस तालुक्यात वेल्डिंग पाहायला आयटीआयच्या फाटकापर्यंत जायची गरज नाही. नातेपुत्याहून वेळापूरकडे पालखीमार्गाने निघालं, की रस्त्याकडेला एक ना एक फॅब्रिकेशनची शेड लागतेच. कुठे ट्रॉलीचं जू नव्याने बसवलं जातंय, कुठे रोटाव्हेटरची तुटलेली पट्टी, कुठे गोठ्याचं अँगलचं छप्पर. हंगाम तोंडावर आला, की ऊसवाहतुकीच्या गाड्यांची रांग लागते आणि रात्री उशिरापर्यंत निळा उजेड लखलखत राहतो.

या उजेडामागे नीरा उजव्या कालव्याचं पाणी आहे. पाणी आलं, ऊस आला आणि उसामागोमाग कारखाने आले. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात माळीनगरला स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. पुढे सहकाराच्या काळात अकलूज-शंकरनगर आणि सदाशिवनगरचे कारखाने उभे राहिले. श्रीपूरलाही कारखाना आहेच. साखर कारखाना म्हणजे पाइप, टाक्या, साखळ्या, गिरणीचे रोलर आणि बॉयलर, आणि या सगळ्यांत ठायी ठायी वेल्डिंगचा जोड. गाळप सुरू असताना रोलरचे दात झिजून ऊस घसरायला लागला, की फिरत्या रोलरवर वेल्डिंगचे ठिपके मारून पकड परत आणतात. त्याला कारखान्यात ‘रोलर आर्किंग’ म्हणतात. गिरणी थांबवायची नसते, रोलर डोळ्यांसमोर फिरत असतो आणि वेल्डरला हात स्थिर ठेवायचा असतो. असं काम करणारी माणसं या तालुक्यात आहेत. त्यांच्या हातातली कला कोणी मोजली मात्र नाही. वेल्डिंगच्या कौशल्य स्पर्धेबद्दल लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा. आठवी पास मुलालाही तिथे प्रवेश मिळतो, म्हणून ‘दहावीला गाडी अडली की वेल्डर’ असा एक शिक्का बसलेला आहे. हा शिक्का अन्यायाचा आहे. पोलाद साधारण दीड हजार अंश सेल्सिअसला वितळतं आणि आर्कचं तापमान त्याच्या कितीतरी वर, पाच-सहा हजार अंशांच्या घरात जातं. एवढ्या उष्णतेत दोन पत्रे वितळवायचे, पण भोक पाडायचं नाही. जोड मुळापर्यंत न्यायचा, पण धातू पलीकडे ओघळू द्यायचा नाही. त्यासाठी डोकं शाबूत लागतं.

या हुन्नराची स्पर्धा घेण्याची पद्धत जुनी आहे. आयटीआयच्या प्रशिक्षणार्थींसाठी अखिल भारतीय कौशल्य स्पर्धा १९६४ साली सुरू झाली आणि फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांच्या बरोबरीने वेल्डरही त्यात उतरले. आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या ‘वर्ल्डस्किल्स’ची सुरुवात स्पेनमध्ये झाली. १९५० साली माद्रिदला स्पेन आणि पोर्तुगालचे तरुण कारागीर एकमेकांसमोर उभे राहिले आणि तिथून ती दर दोन वर्षांनी भरणारी जागतिक स्पर्धा झाली. आपल्याकडे त्यासाठी ‘इंडियास्किल्स’ची चढती पायरी आहे, राज्यापासून देशपातळीपर्यंत. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या द्वारकेतल्या यशोभूमीत राष्ट्रीय फेरी झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भारतीय चमू फ्रान्समधल्या ल्योंला गेला. तिथून चार कांस्यपदकं आली. वेल्डिंगचं त्यात नव्हतं.

स्पर्धेत करायचं काय असतं? जागतिक पातळीवर वेल्डिंगचं काम चार दिवसांत मिळून सुमारे अठरा तासांचं. पहिला भाग चाचणीच्या तुकड्यांचा. जाड प्लेटा आणि पाइप वेगवेगळ्या स्थितीत बांधून ठेवलेले असतात. सपाट टेबलावर जोड मारणं सोपं, कारण वितळलेला धातू जागेवर बसतो. उभ्या प्लेटवर खालून वर चढताना तोच धातू खाली यायला बघतो. पाइप ४५ अंशांत तिरका बांधला, की सगळ्यात अवघड. पाइप हलवायचा नाही, वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचं. खालून डोक्यावरचा जोड, बाजूने उभा, वर सपाट, सगळ्या स्थिती एकाच गोलात. शिवाय जोडाच्या मधल्या भागात मुद्दाम थांबून पुन्हा सुरू करायला लावतात, कारण कच्चा हात थांबल्याजागी उघडा पडतो.

दुसरा भाग दाबपात्राचा. प्लेटा आणि पाइप जोडून एक बंद पेटी तयार करायची. तिच्यात पाणी भरून सुमारे ६९ बारपर्यंत दाब चढवतात. आपल्या भागातल्या वाचकाला हा आकडा ओळखीचा वाटेल. सहवीजनिर्मिती करणाऱ्या साखर कारखान्यांत ६७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाचे बॉयलर सर्रास दिसतात, आणि दोन्ही दाब जवळपास सारखे आहेत. जेमतेम बावीस वर्षांपर्यंतच्या पोराने काही तासांत एकट्याने जोडलेली पेटी हा दाब सोसते की नाही, ते सगळ्यांसमोर ठरतं. जोडातून पाणी पाझरलं, की गुण गेले. उरलेल्या दोन भागांत ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलची कामं असतात. तिथे टिग वेल्डिंगची नजाकत लागते. पत्रा पातळ असतो आणि उष्णता जरा जास्त झाली तर तो वाकतो.

मला सर्वात मोलाची वाटते ती पहिल्या भागाची तपासणी. परीक्षक आधी वरून पाहतात: जोडाची उंची, रुंदी, कडेला पडलेली खाच, ज्याला वेल्डर ‘अंडरकट’ म्हणतात. मग तुकडा क्ष-किरणांखाली जातो. आत अडकलेला स्लॅग, हवेचे बुडबुडे, मुळाशी न वितळलेली कड, सगळं फिल्मवर उमटतं. शेडमध्ये ग्राइंडर फिरवून, वर रंग मारून झाकता येतं ते इथे झाकता येत नाही. स्पर्धेत तर मूळ आणि शेवटच्या थरावर ग्राइंडर लावायलाच बंदी असते.

जोडातल्या अशा दोषांची मुळं रॉडच्या डब्यापासून सुरू होतात. गावच्या शेडमध्ये बहुतेक ‘साठ तेरा’चा रॉड चालतो. तो मऊ पेटतो, छोट्या मशीनवरही चालतो, जोड देखणा दिसतो. दाबाच्या कामाला ‘सत्तर अठरा’ लागतो. पहिले दोन आकडे ताकद सांगतात: साठ म्हणजे दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांचा ताण, सत्तर म्हणजे सत्तर हजार. पण सत्तर अठराचं लेपण ओल धरतं. ती ओल आर्कमध्ये फुटून हायड्रोजन जोडात शिरतो आणि कधी कधी काम संपल्यावर काही तासांनी, थंड झालेल्या पोलादाला चीर जाते. म्हणून हा रॉड भट्टीत तीनशे अंशांच्या वर भाजून, गरम डब्यात ठेवून, लागेल तसा एकेक बाहेर काढायचा असतो. पाकीट फोडून आठवडाभर कोनाड्यात ठेवलेला रॉड स्पर्धेत गुण घालवतो. बॉयलरवर तोच रॉड माणूस घालवू शकतो.

म्हणूनच बॉयलरवर कोणालाही होल्डर हातात घेता येत नाही. १९२३ चा बॉयलर कायदा आणि १९५० चे नियम यांनी वेल्डरला वेगळी परीक्षा आणि प्रमाणपत्र सक्तीचं केलं. २०२५ मध्ये नवा बॉयलर कायदा आला, तरी हे तत्त्व बदललेलं नाही. हे प्रमाणपत्र हाताशी असलेल्या वेल्डरचा रोज आणि फाटक वेल्ड करणाऱ्याचा रोज यांत केवढं अंतर आहे, ते तालुक्यातल्या कोणत्याही ठेकेदाराला विचारून बघावं. स्पर्धेची तयारी करणारा मुलगा, मग तो पहिल्याच फेरीत बाद का होईना, नकळत याच परीक्षेची तयारी करत असतो. पदकाहून ही कमाई मोठी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलींबाबत तर हे जास्तच खरं आहे. क्ष-किरणांच्या फिल्मवर जोड मुलीचा की मुलाचा हे दिसत नाही, आणि ‘बाईला जमेल का’ या प्रश्नाला ती फिल्मच उत्तर देते.

छोट्या गावातून हे होईल का, अशी शंका येणं साहजिक आहे. चीनचं उदाहरण पाहावं. २०११ साली लंडनमध्ये चीनला वर्ल्डस्किल्सचं पहिलं पदक मिळालं ते वेल्डिंगचं, रौप्य. पहिलं सुवर्णही वेल्डिंगचंच, २०१५ साली ब्राझीलमध्ये साओ पावलोला. ते जिंकणारा झंग झंगचाओ सिच्वान प्रांतातल्या शेतकरी कुटुंबातला. पांझिहुआ या पोलादनगरीतल्या तंत्रशाळेत तो शिकला. पुढे २०१७ आणि २०१९ चं सुवर्णही तिथेच घडलेल्या वेल्डरांनी आणलं. बीजिंग-शांघायची विद्यापीठं बाजूला राहिली. ज्या गावात पोलादाचा कारखाना होता, त्याच गावातल्या शाळेत हे घडलं.

माळशिरसमध्ये वेगळं काय आहे? कारखाने आहेत, बॉयलर आहेत, प्रमाणपत्रधारक वेल्डर आहेत आणि शिकणारी पोरंही आहेत. नाही ती यांच्यातली गाठ. आयटीआयच्या कार्यशाळेत सरावाला माल नेहमीच तुटपुंजा असतो. मुलाच्या वाट्याला पातळ पट्ट्या येतात आणि मोजके रॉड. तिरक्या बांधलेल्या पाइपवर शंभरदा हात फिरल्याशिवाय तो जोड जमत नाही, हे कोणताही निदेशक सांगेल. दुसरीकडे ऑफ सीझनला बॉयलरच्या जुन्या ट्यूब बदलतात आणि त्या भंगारात किलोवर जातात. त्यातल्या थोड्या ट्यूब हातभर लांबीने कापून आयटीआयला दिल्या, तर त्याहून चांगलं सरावाचं साहित्य विकत घेऊनही मिळायचं नाही. निवृत्त झालेल्या बॉयलर वेल्डरला आठवड्यातून एक दिवस कार्यशाळेत बोलावलं, तर सरावाला शिस्तही लागेल.

चीनमधल्या शांघायच्या स्पर्धेनंतरची वर्ल्डस्किल्स २०२८ साली जपानच्या आयची प्रांतात आहे. वेल्डिंगसाठी वयाची अट त्या वर्षी बावीस, म्हणजे २००६ किंवा त्यानंतर जन्मलेला कोणीही पात्र. आपल्या घरात, भावकीत, शेजारी असा मुलगा किंवा मुलगी वेल्डर ट्रेडला असेल, तर त्यांना आयटीआयच्या निदेशकांकडे जाऊन राज्यपातळीच्या फेरीची चौकशी करायला सांगा. आणि तुम्ही कारखान्याचे संचालक, चीफ इंजिनिअर किंवा नुसते सभासद असाल, तर पुढच्या ऑफ सीझनला जुन्या ट्यूब भंगारात जाण्याआधी त्यातल्या काही आयटीआयसाठी बाजूला काढायला लावा.