नोकरी सांभाळून जग बघता येतं का?

प्लेसमेंट झाल्यावर काय करणार, असं होस्टेलमध्ये कुणालाही विचारा. कुणी घरचं कर्ज फेडणार असतो, कुणी बाईक घेणार असतो. आणि निम्मे तरी म्हणतात, "आधी सेटल होऊ, मग जग फिरू." हे 'मग' नक्की कधी येतं ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. घरी फिरण्याचा विषय काढला तर उत्तर तयारच असतं, "आधी एटीकेटी सोडव!" म्हणजे करिअर आणि भटकंती या दोन सवती आहेत, एका घरात नांदणार नाहीत, असंच आपण धरून चालतो.

पण खरंच तसं आहे का? यावर मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे पु. ल. देशपांडे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे पुलं माझ्या हाती जरा उशिराच आले. पुलंना आपण विनोदी लेखक म्हणून ओळखतो. पण ते मीडियातला माणूसही होते हे आपण विसरतो. शिक्षकी, प्राध्यापकी, सिनेमा असं बरंच काही करून १९५० च्या दशकात ते आकाशवाणीत गेले. त्या दशकाच्या अखेरीस प्रशिक्षणासाठी लंडनला बीबीसीमध्ये त्यांची रवानगी झाली. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं. त्या सुरुवातीच्या काळात टीव्हीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेतली ती पुलंनीच.

आता गंमत बघा. लंडनला पाठवलं ते नोकरीने. कोर्स करायचा, सर्टिफिकेट घ्यायचं आणि परत यायचं, एवढ्यावरही भागलं असतं. पण पुलं सुनीताबाईंबरोबर इंग्लंडभर हिंडले, पुढे फ्रान्स आणि जर्मनीही पाहून आले. त्यातून १९६० साली 'अपूर्वाई' हे पुस्तक आलं. नंतर आग्नेय आशिया आणि जपानच्या प्रवासावर 'पूर्वरंग' आलं, पुढे 'जावे त्यांच्या देशा'. हे सगळं त्या काळात, जेव्हा परदेशी जायचं म्हणजे परकीय चलनासाठी सरकारी परवानगी काढावी लागायची.

पण मुद्दा पुढेच आहे. पुलंच्या प्रवासवर्णनात इमारतींची लांबी-रुंदी फारशी नसते. तिथे माणसं असतात आणि ती सारखी बोलत असतात. रेडिओवाल्याचा कान तो! मुलाखत घेताना समोरच्याला बोलतं कसं करायचं, हे त्यांना नोकरीतून माहीत होतं. तेच त्यांनी प्रवासात वापरलं.

पुलंच्या आधीचे अनंत काणेकर घ्या. ते साप्ताहिकांचे संपादक. त्यांचं 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' हे युरोप आणि रशियाच्या प्रवासाचं पुस्तक १९४० सालचं. नावातलं धुकं लंडनचं आणि लाल तारा मॉस्कोचा! पत्रकार माणूस नुसता देखावा बघून थांबत नाही. त्या देशात कारभार कसा चालतो, लोक कशावर विश्वास ठेवतात, हे तो विचारणारच.

म्हणजे नोकरी प्रवासाचा वेळ खाते हे खरं, पण तीच प्रवासाला नजरही देते. आणि ही नजर फक्त मीडियावाल्यांकडेच असते असंही नाही. मीना प्रभूंचं उदाहरण आहेच. त्या लंडनमध्ये भूलतज्ज्ञ डॉक्टर होत्या. 'माझं लंडन', 'मेक्सिकोपर्व', 'चिनी माती', 'तुर्कनामा' ही त्यांची पुस्तकं आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतील. २०२५ मध्ये त्या गेल्या, पण एका डॉक्टरने मराठी वाचकांना केवढं जग दाखवलं!

मग इंजिनिअरला काय दिसेल? हे तपासायला परदेशी जायची गरज नाही. आपलं होटगी जंक्शन आहे ना! इथून एक रूळ वाडीकडे जातो आणि दुसरा विजापूरमार्गे गदगला. ही गदगची लाईन पूर्वी मीटरगेज होती, आता ब्रॉडगेज आहे. शंभरेक किलोमीटरवर गोलघुमट. पर्यटक तिथे जातो, "ओSS" ओरडतो, प्रतिध्वनी मोजतो, रील काढतो आणि परततो. पण आपण सिव्हिलवाले असू तर वर बघितल्यावर डोक्यात किडा वळवळलाच पाहिजे. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट आणि आत मध्ये एकही खांब नाही! मग एवढं वजन गेलं कुठे? एकमेकींना छेदणाऱ्या कमानी ते भिंतींवर उतरवतात. सतराव्या शतकात, कॉम्प्युटर नसताना केलेलं हे काम आहे. आणि सज्जात एका बाजूला कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येतं ते का, हे ईएनटीसीवाल्यांनी सांगावं.

हे 'का' लिहून ठेवलं की सहलीचा प्रवास होतो. फोटो शेकडो निघतात, पण सहा महिन्यांनी त्यातला कोणता कशाचा तेही आठवत नाही. वहीतली दोन पानं मात्र राहतात.

आणखी एक गोष्ट पुलंकडून घेण्यासारखी आहे, ती म्हणजे भाषा. पन्नाशीच्या आसपास ते बंगाली शिकले, त्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि त्यातून 'वंगचित्रे' लिहिलं. नावाजलेला माणूस त्या वयात पुन्हा विद्यार्थी होतो! आपल्या होस्टेलवर कन्नड बोलणारी मुलं आहेत, तेलुगू बोलणारी आहेत. चार वर्षं एका मेसमध्ये जेवून आपल्याला त्यांची चार वाक्यंसुद्धा येऊ नयेत?

तेव्हा पॅकेज मिळेपर्यंत थांबू नका. पगार मिळायला लागला की तिकीट काढता येईल, पण बघायची, विचारायची आणि लिहायची सवय त्या दिवशी अचानक येणार नाही. ती आजपासूनच लावावी लागते. या सेमिस्टरच्या सबमिशननंतर एक रविवार काढा, होटगीहून गाडी पकडा, परत आल्यावर दोन पानं लिहा आणि पुढच्या अंकासाठी द्या.