एनम म्हणजे आकड्याचं टोपणनाव नव्हे

सोलापूरच्या गाड्यांवर एमएच-१३ असतं, अकलूजच्या एमएच-४५, शेजारच्या धाराशिवच्या एमएच-२५. ही यादी पायथनमध्ये मांडायची तर एनम वापरावा: आरटीओ नावाचा क्लास आणि सोलापूर, अकलूज, धाराशिव हे त्याचे ठरलेले सदस्य. पायथन ३ मध्ये ही नावं देवनागरीत लिहिली तरी चालतात, आकडे मात्र इंग्रजीच लागतात. एनमबद्दलचे बहुतेक गैरसमज एकाच मुळातून येतात. आकडा खरा आणि नाव फक्त वाचायच्या सोयीसाठी, असं लोक धरून चालतात.

सी शिकून आलेल्यांना तर हे स्वाभाविकच वाटतं, कारण सीमध्ये एनममधलं नाव म्हणजे साधा पूर्णांकच असतो. पायथनमध्ये आरटीओ.सोलापूर आणि १३ यांची तुलना केली की उत्तर ‘फॉल्स’ येतं. १३ ही त्या सदस्याची व्हॅल्यू, सदस्य वेगळा. सुरुवातीला हे अडचणीचं वाटतं, पण एनम वापरायचा तो यासाठीच. आरटीओचा १३, तेरा तारीख आणि तेरा रुपये यांची कोडमध्ये गल्लत होत नाही. शून्याचंही तसंच. व्हॅल्यू शून्य असली तरी साध्या एनमचा सदस्य ‘इफ’मध्ये खराच ठरतो. आकड्यासारखंच वागणारं काही हवं असेल तर इंटएनम आहे. तो जुन्या कोडशी जुळवून घेण्यापुरताच वापरावा, असं माझं मत आहे.

दुसरा समज जास्त नुकसान करतो: ‘ऑटो लिहिलं की नंबरांची चिंता मिटली.’ सोलापूर जिल्ह्याचे अकरा तालुके घ्या. कुणी उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट अशा क्रमाने यादी सुरू केली, प्रत्येकापुढे क्रमाने आपोआप आकडा देणारं ऑटो लिहिलं आणि डेटाबेसमध्ये नुसते आकडे साठवले. अक्कलकोटला ३ मिळाला. पुढे दुसऱ्या कुणी यादी नीटनेटकी दिसावी म्हणून अकारविल्हे लावली: अक्कलकोट, उत्तर सोलापूर, करमाळा. आता ३ म्हणजे करमाळा. प्रोग्राम कुठेही अडत नाही, एरर येत नाही, आणि अक्कलकोटच्या जुन्या नोंदी करमाळ्याच्या नावावर दिसू लागतात. आकडा प्रोग्रामच्या बाहेर, म्हणजे फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये जाणार असेल, तर तो हाताने लिहावा आणि पुन्हा बदलू नये.

एनम पायथनमध्ये पहिल्यापासून आहे, हाही गैरसमजच. २००५ मधला बेन फिनी यांचा प्रस्ताव नाकारला गेला होता. बॅरी वॉर्सा, एली बेंडर्स्की आणि ईथन फर्मन यांचा ४३५ क्रमांकाचा प्रस्ताव २०१३ मध्ये मान्य झाला आणि २०१४ मध्ये ३.४ व्हर्जनबरोबर एनम स्टँडर्ड लायब्ररीत आला. तेव्हापासून तो जसाच्या तसा आहे असंही नाही. ऑटो ३.६ मध्ये आलं. ३.११ मध्ये स्ट्रिंगसाठी स्ट्रएनम मिळाला, पण त्याच व्हर्जनने एक जुनी सवयही मोडली. समजा टॉवेल कारखान्याच्या प्रोग्रामात ‘टप्पा’ हा एनम स्ट्रिंगशी जोडून केलेला आहे. एफ-स्ट्रिंगमधून पूर्वी कागदावर नुसतं ‘विणकाम’ उमटायचं, आता ‘टप्पा.विणकाम’ उमटतं. स्ट्रएनम वापरला की पुन्हा नुसतं ‘विणकाम’. ‘एखादी व्हॅल्यू एनममध्ये आहे का, हे इन लावून तपासता येत नाही’ हे वाक्यही आता जुनं झालं. ३.८ ते ३.११ मध्ये तसं केल्यास टाइपएरर यायचा, ३.१२ पासून सरळ हो किंवा नाही असं उत्तर मिळतं.

एकच व्हॅल्यू दोन नावांना दिली तर पायथन अडवेल, असंही अनेकजण गृहीत धरतात. तो अडवत नाही. पहिलं नाव खरा सदस्य ठरतं, दुसरं त्याचंच उपनाम होतं, आणि यादीवर लूप फिरवला तर उपनाम दिसतच नाही. अकलूजपुढे ४५ ऐवजी चुकून १३ टाइप झालं, तर अकलूज यादीतून गुपचूप गायब होईल. क्लासवर युनिक लावलं की ही चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

उपनाम खरोखर हवं असतं तेव्हा मात्र हेच वागणं उपयोगी पडतं. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, क्रमांक २५ तोच राहिला. जुना कोड चालू राहावा म्हणून दोन्ही नावं ठेवायची, तर धाराशिव वरच्या ओळीत हवं. उस्मानाबादच्या खाली ते लिहिलं, तर छापताना जुनंच नाव येईल. पण युनिक लावलेल्या क्लासमध्ये दोन्ही नावं लिहिता येत नाहीत. ३.१३ मध्ये त्यावरही सोय झाली आहे: क्लास तयार होऊन तपासणी पार पडली की धाराशिवला उस्मानाबाद हे उपनाम नंतर जोडता येतं.