ना दूध, ना आलं आणि वास धुराचा... हा 'गनपावडर' चहा असतो काय आणि आपल्या हातून तो कडू का होतो ?

ग्रीन टी म्हटलं की आपल्याकडे दोन गट पडतात. पहिला गट वजन कमी करायचं म्हणून नाक दाबून पिणाऱ्यांचा. दुसरा, एकदा पिऊन "यापेक्षा काढा बरा" म्हणत कायमचा नाद सोडणाऱ्यांचा. एका गोष्टीवर मात्र दोन्ही गटांचं एकमत असतं, ते म्हणजे ग्रीन टी कडू लागतो.

त्यातही एक ग्रीन टी असा आहे ज्याच्या नावातच स्फोट आहे. गनपावडर टी. शब्दशः बंदुकीची दारू. दिसायला गडद हिरव्या, राखाडी झाक असलेल्या छोट्या छोट्या गोळ्या आणि वास किंचित धुरकट. कुणीतरी तो ऑनलाइन मागवतं, नेहमीच्या सवयीनं पातेल्यात टाकून खळाखळा उकळतं, पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतं आणि मग तो डबा फडताळात मागे ढकलला जातो.

पण हाच चहा मोरोक्कोत लोक रोज आवडीनं पितात. मग आपलं गणित कुठं चुकतं ? तर त्याचं उत्तर त्या गोळीत आहे.

गोळी वळायची गरज का पडली ?

चीनच्या पूर्व किनाऱ्यावर झेजियांग नावाचा प्रांत आहे. तिथल्या शाओशिंग शहराजवळ पिंगश्वे नावाचं गाव आहे. आजूबाजूच्या डोंगरांतला चहा या गावात गोळा व्हायचा आणि इथून पुढं बंदरांकडे जायचा. चिनी लोक याला गनपावडर म्हणत नाहीत. त्यांचा शब्द आहे 'झू छा', म्हणजे मोत्यांचा चहा. यातला 'छा' ओळखीचा वाटला ना ? आपला 'चहा' त्याच शब्दाच्या घराण्यातला. ज्या गोळ्यांत चिन्यांना मोती दिसले, त्यात इंग्रजांना बंदुकीच्या दारूचे दाणे दिसले, एवढाच फरक.

आता हा चहा बनतो कसा ते बघू. कापून ठेवलेलं वांगं हवेत काळं पडतं, तसंच तोडलेलं आणि चुरगळलेलं चहाचं पानही काळं पडतं. हे काम पानातलं एक एन्झाइम करतं. आपल्या नेहमीच्या काळ्या चहात हे मुद्दाम होऊ देतात. हिरव्या चहात मात्र पान लवकरात लवकर तापलेल्या कढईत टाकून परततात. उष्णतेनं एन्झाइम निकामी होतं आणि पान हिरवं राहतं. म्हणजे काळ्या आणि हिरव्या चहाचं झाड एकच, फरक फक्त प्रक्रियेचा.

गनपावडरमध्ये परतलेलं पान वळतात आणि मग गरम कढईत पुन्हा पुन्हा घोळवत सुकवतात. घोळता घोळता पान स्वतःभोवती गुंडाळलं जातं आणि त्याची घट्ट गोळी होते. पूर्वी हे हातानं व्हायचं, आता बहुतेक काम यंत्रं करतात.

याचा फायदा काय ? तर घट्ट गोळीला जागा कमी लागते, पान चुरत नाही आणि आतल्या भागाला हवा लागत नसल्यानं वास जास्त दिवस टिकतो. जहाजातून महिनोन्‌महिने प्रवास करणाऱ्या मालाला दुसरं काय हवं ?

धुरकट वासाचं उत्तरही याच कढईत आहे. अनेकांना वाटतं की हा चहा लाकडाच्या धुरावर धरतात. तसं नाही. पाइनच्या लाकडाच्या धुरावर धरतात तो लापसांग सूशाँग. तो फुजियान प्रांतातला आणि तो काळा चहा. गनपावडरचा धूर म्हणजे जास्त आचेवरच्या भाजणीचा वास.

आणि हो, आपला सीटीसी चहाही दाणेदारच असतो, पण तो यंत्रात चिरडून, फाडून केलेला असतो. त्याचा दाणा पाण्यात उलगडत नाही. गनपावडरची गोळी उलगडते आणि आत अख्खं किंवा बऱ्यापैकी मोठं पान निघतं.

गोळीच्या आड लपलेली भेसळ

घट्ट वळलेल्या गोळीत काय आहे हे बाहेरून दिसत नाही. याचा फायदा घेतला गेला नसता तरच नवल.

१८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतितज्ज्ञाला चीनमध्ये पाठवलं. काम होतं चहाची रोपं आणि बिया मिळवून भारतात, हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांपर्यंत पोहोचवायचं. या प्रवासात त्यानं निर्यातीच्या हिरव्या चहाला रंग देताना पाहिलं. प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्सम यांची भुकटी चहावर चढवली जात होती. कामगारांचे हात निळे झाले होते. शंभर पौंड रंगवलेल्या चहात अर्ध्या पौंडापेक्षा जास्त रंग आणि जिप्सम असल्याचा हिशेब त्यानं मांडला. विशेष म्हणजे चिनी लोक असा चहा स्वतः पीत नव्हते. परदेशी गिऱ्हाइकाला एकसारखा रंग आवडतो म्हणून हा उद्योग चालायचा.

दुसरा प्रकार होता 'लाय टी', म्हणजे सरळ खोटा चहा. चहाची धूळ आणि झाडलोट चिकट पाण्यात कालवून त्याच्या गोळ्या वळायच्या आणि गनपावडर म्हणून विकायच्या. ब्रिटनमध्ये यावरून बराच गदारोळ झाला. शेवटी १८७५ च्या अन्नभेसळ कायद्यात बंदरावरच चहा तपासायची तरतूद आली.

याचा आज घेण्यासारखा धडा म्हणजे गोळी उघडून बघा. चार-पाच गोळ्या गरम पाण्यात टाका. पाच मिनिटांत पानं उलगडली पाहिजेत. नुसता चुरा तळाशी बसला तर समजून जा. गोळ्या घट्ट आणि किंचित चमकदार असाव्यात. पाकिटाच्या तळाशी धूळ कमी असावी. पाणी पिवळसर किंवा फिकट सोनेरी व्हायला हवं. पोपटी हिरवं पाणी दिसलं तर उलट शंका घ्या.

कडू वेगळं, तुरट वेगळं

आपण सरसकट "कडू लागतो" म्हणतो, पण मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. कारलं कडू असतं. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते, ते तुरट. ग्रीन टीमध्ये दोन्ही असतं. कॅफिन कडूपणा देतं आणि कॅटेचिन नावाची द्रव्यं कडूपणाबरोबर तुरटपणाही देतात.

तिसरं आहे थिॲनिन. चहाला जी हलकी गोडसर, भरीव चव येते त्यात याचा मोठा वाटा आहे. गंमत अशी की थिॲनिन कमी गरम पाण्यातही सहज उतरतं. कॅफिन आणि कॅटेचिन मात्र पाणी जितकं गरम आणि वेळ जितका जास्त, तितकी जास्त उतरतात. म्हणजे आपण चहा उकळतो तेव्हा चांगलं आधीच उतरलेलं असतं, नंतर भर पडते ती कडू-तुरटाची.

मग करायचा कसा ?

१. एका कपाला, म्हणजे साधारण २०० मिलीला, एक छोटा सपाट चमचा. गोळी जड असते, त्यामुळं चमचा कमी भरलेला दिसला तरी चहा पुरेसा असतो.

२. पाणी ७५ ते ८० अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर लागत नाही. तीन भाग उकळतं पाणी घ्या आणि त्यात एक भाग साधं पाणी मिसळा. झालं ८० अंशांच्या जवळपास.

३. गोळ्यांवर थोडं गरम पाणी घालून लगेच ओतून द्या. धूळ निघून जाते आणि गोळी उलगडायला लागते.

४. आता उरलेलं पाणी घाला, झाकण ठेवा आणि दीड ते दोन मिनिटांनी गाळा. पानं पाण्यात तशीच ठेवायची नाहीत.

५. पानं टाकू नका. त्याच पानांवर अजून दोनदा तरी चहा होतो. दर वेळी अर्धा-एक मिनिट वाढवायचं. पहिल्या कपात भाजलेला वास जास्त असतो, दुसऱ्यात गोळी पूर्ण उघडते आणि पानाची चव पुढं येते. अनेकांना दुसरा कपच जास्त आवडतो.

आणि पिताना फुरका मारा. खरंच ! चहाच्या चवीचा निकाल देणारे व्यावसायिक टेस्टरही चमच्यातून जोरात फुरकाच मारतात. हवेबरोबर चहा तोंडभर पसरतो आणि वास घशातून नाकापर्यंत पोहोचतो. धुरकटपणा जिभेला नाही, नाकालाच कळतो. बशीतून चहा पिणाऱ्या आपल्या आजोबांचं तंत्र बरोबर होतं.

पण मोरोक्कोवाले तर उकळतात...

क्रिमियाच्या युद्धात, म्हणजे १८५३ ते १८५६ दरम्यान, ब्रिटिश व्यापाऱ्यांची बाल्टिककडची बाजारपेठ अडली. मग त्यांनी चहाचा माल टँजियर आणि मोगादोर या मोरोक्कोच्या बंदरांत उतरवला. तिथं चहा आधीपासून माहीत होता, आता तो घरोघरी पोहोचला. आज मोरोक्को चीनच्या हिरव्या चहाचा सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक आहे.

तिथं गोळ्या आधी गरम पाण्यानं धुतात, मग किटलीत चहा कडक करतात आणि त्यात मूठभर ताजा पुदिना आणि भरपूर साखर पडते. म्हणजे कडूपणा त्यांनाही कळतो. ते तो साखर-पुदिन्यानं तोलतात, आपण पाणी कमी तापवून तो टाळायचा. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. चुकतं ते उकळून, वर बिनसाखरेचा पिणं. आपण नेमकं तेच करतो.

वजनाचं काय ?

ग्रीन टीनं वजन उतरतं या दाव्याची चर्चा भरपूर झाली, पण अभ्यासांत दिसलेला फरक अगदी किरकोळ आहे. उलट एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चहातली द्रव्यं डाळी आणि पालेभाज्यांमधलं लोह शरीरात शोषलं जाण्यात अडथळा आणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना ॲनिमिया आहे. त्यामुळं जेवणावर लगेच ग्रीन टी ही सवय चांगली नाही. मध्ये तासाभराचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना विचारा. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर सकाळी उठल्या उठल्या पिऊ नका.

थोडक्यात, हा चहा औषध म्हणून प्यायला तर औषधासारखाच लागणार. फडताळात मागे गेलेला डबा असेल तर बाहेर काढा, तीन भाग उकळतं आणि एक भाग साधं पाणी घ्या, घड्याळ लावा आणि दोन मिनिटांत गाळा. त्यानंतरही नाही आवडला तर पुदिना आणि साखर आहेच की.