अरुंद घर, तीन पिढ्या आणि मधला चौक

मंडळी, आज आपण पुण्याच्या पेठांमधल्या अरुंद घरांविषयी बोलू. कसबा, शनिवार, नारायण पेठेत अशी घरं पुष्कळ. मूळ वाड्याच्या वाटण्या होत गेल्या आणि एकेकाच्या वाट्याला रस्त्याकडून 12 फूट रुंदी आणि आत 50 फूट लांबी, असा पट्टा आला. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. म्हणजे खिडक्या फक्त पुढे आणि मागे. अशा घरात आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडं एकत्र राहणार असतील, तर दुरुस्ती कुठून सुरू करायची?

बहुतेक कुटुंबं आधी खोल्या मोजतात. आम्ही म्हणतो, आधी उजेड मोजा.

हिशोब सोपा आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, त्याच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड आत पोचतो. कड 7 फुटांवर असेल तर 14 फूट. पुढून 14, मागून 14, झाले 28. उरलेल्या 22 फुटांत भरदुपारी दिवा लावावा लागणार.

वाडे बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून तर मध्ये चौक असायचा. वरून उजेड यायचा, तापलेली हवा वर निघून जायची. आणि आज नूतनीकरणात पहिली कुऱ्हाड पडते ती चौकावरच. "एवढी जागा वाया का घालवायची?" म्हणून वर स्लॅब टाकला जातो. 6 बाय 8 चा चौक बुजवला की 48 चौरस फूट मिळतात खरे. पण त्याच्या अलीकडची आणि पलीकडची, अशा दोन्ही खोल्या काळोखात जातात.

मग त्या काळोख्या खोलीत कोण जातं? बहुधा आजी. मुलांना अभ्यासाला उजेड हवा, मुलगा-सुनेला आडोसा हवा. आजीला काय, पडूनच तर राहायचं, असं तोंडाने कोणी म्हणत नाही. पण नकाशा तेच सांगत असतो. खरं तर वयाबरोबर डोळ्यांना उजेड जास्त लागतो.

म्हणून आमचा आग्रह असा, की चौक उघडा ठेवा. पावसाची काळजी असेल तर वर पारदर्शक पत्रा घाला, पण कठड्यापासून फूटभर उचलून, म्हणजे हवा कोंडणार नाही. तळमजल्यावर चौकालगतची खोली आजी-आजोबांना द्या. संडास-न्हाणीघर तिथेच, मध्ये उंबरा नको. दाराची मोकळी रुंदी 3 फूट ठेवा, उद्या चाकाची खुर्ची लागली तरी अडणार नाही.

जिनाही चौकाच्या उजेडात घ्या. जुन्या वाड्यात तो भिंतीत दडलेला, उभा आणि अंधारा असायचा. दोर धरून चढायचं. मजला 10 फूट धरला आणि पायरी 7 इंच उंच ठेवली, तर 17 चढ होतात. पाऊल टेकायला किमान 10 इंच द्या. एवढं केलं तर सरळ जिन्याला 13 फुटांहून जास्त लांबी लागते. जागा वाचवायची म्हणून पायरी 9 इंच उंच केली, की आजोबा गच्चीवर जायचे बंद झालेच म्हणून समजा.

आता भिंतींचं. जुन्या विटा-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटतात. चुन्याचाच गिलावा करा. तुळयांची टोकं भिंतीत कुजलेली असू शकतात, ती उघडून बघा. अभियंत्याने पाहिल्याशिवाय एकही खांब काढू नका, कारण सामाईक भिंत हलली तर शेजाऱ्याचंही घर हलतं.

नकाशा हातात आला, की सही करण्याआधी एकच गोष्ट तपासा. दुपारी 3 वाजता घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस कुठे बसलेलं असेल? तिथे दिवा न लावता पेपर वाचता येत नसेल, तर नकाशा परत पाठवा.


आता तुमचे प्रश्न घेऊ.