अयशस्वी सर्व्हर पुनर्स्थापनेनंतर व्यावसायिक संगणक-जाळ्याची पुनर्उभारणी : बारामती व इंदापूर परिसरातील संस्थांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर हे दोन तालुके नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आणि सहकारी चळवळीच्या पायावर उभे राहिले आहेत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखाने, दूध प्रक्रिया उद्योग, सहकारी बँका व पतसंस्था, बारामतीची औद्योगिक वसाहत आणि अनेक महाविद्यालये हे या परिसराच्या अर्थजीवनाचे आधारस्तंभ आहेत. एकेकाळी या संस्थांचा संपूर्ण व्यवहार कीर्द, खतावणी आणि नोंदवह्यांमधून चालत असे. आज उसाची नोंद, काट्यावरील वजन, दुधाचे फॅट, ठेवीदाराची शिल्लक आणि विद्यार्थ्याचे गुण हे सारे सर्व्हर नावाच्या एका यंत्रात साठविले जाते.

नोंदवही भिजली तर एक नोंदवही जात असे. सर्व्हर बंद पडला तर संपूर्ण संस्था थांबते. अशा वेळी 'बॅकअप आहे, काळजी नको' असे आश्वासन दिले जाते. परंतु तो बॅकअप परत बसविताना पुनर्स्थापनाच फसली तर काय करावे, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पुरविल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्यास त्याची किंमत मिळाली पाहिजे व विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज देय होते. वजनाची नोंदच हरवली तर बिल कशाच्या आधारे काढणार? सर्व्हरमधील आकडा हा शेवटी कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचा हिशेब असतो.

उद्दिष्टे :

१. सर्व्हरची पुनर्स्थापना का फसते याची कारणे स्पष्ट करणे.
२. फसलेल्या पुनर्स्थापनेनंतर संगणक-जाळे पुन्हा उभारण्याचा योग्य क्रम मांडणे.
३. या परिसरातील संस्थांसाठी व्यवहार्य उपाय सुचविणे.

प्रस्तुत लेख वर्णनात्मक स्वरूपाचा असून तो दुय्यम साधनांतून उपलब्ध झालेल्या माहितीवर आधारित आहे.

विषय विवेचन :

अ) संगणक-जाळे व त्याचा कणा

कार्यालयातील संगणक केवळ तारांनी जोडले म्हणजे व्यावसायिक जाळे तयार होत नाही. कोणता कर्मचारी कोण, त्याचा पासवर्ड कोणता, त्याला कोणती माहिती पाहण्याचा अधिकार आहे, हे ठरविणारी एक मध्यवर्ती व्यवस्था असावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत या व्यवस्थेस अॅक्टिव्ह डिरेक्टरी व ती सांभाळणाऱ्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात. हा सर्व्हर संस्थेच्या हजेरीपटाचे व किल्ल्यांच्या जुडग्याचे काम एकाच वेळी करतो. हिशेबाचा सर्व्हर सुस्थितीत असला, तरी हा बंद पडला की कोणालाच आत प्रवेश मिळत नाही.

येथेच प्रतिकृती व बॅकअप यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. प्रतिकृती म्हणजे एका सर्व्हरवरील बदल दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप जाणे. यामुळे एक यंत्र बिघडले तरी काम चालू राहते. परंतु चूकही तितक्याच तत्परतेने दुसरीकडे पोहोचते. बॅकअप म्हणजे विशिष्ट क्षणी घेतलेली व मूळ यंत्रापासून अलग ठेवलेली प्रत. प्रतिकृतीलाच बॅकअप समजणे ही या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारी गैरसमजूत होय.

ब) पुनर्स्थापना का फसते?

पहिले कारण म्हणजे प्रत अस्तित्वातच नसणे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसमधील माहिती पुसली. सुमारे ३०० गीगाबाईट माहितीपैकी अवघी ४.५ गीगाबाईट उरली. बॅकअप व प्रतिकृतीच्या पाच पद्धती कागदोपत्री असूनही त्यांपैकी एकही विश्वासार्हपणे काम करीत नव्हती. बॅकअप घेणाऱ्या आज्ञावलीची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, म्हणून रोजचा बॅकअप अपयशी ठरत होता. आणि तशी सूचना देणारे ईमेल पोहोचतच नव्हते. सुदैवाने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कारणासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली. कंपनीने हा सारा प्रकार स्वतःहून जाहीर केला, हे विशेष.

दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. प्रत असते, ती बसतेही, परंतु जुनी असल्याने उर्वरित जाळ्याशी तिचा मेळ बसत नाही. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या कारखान्याची सणसर, लासुर्णे व निमगाव केतकी येथे गट कार्यालये आहेत. प्रत्येक कार्यालय ऊस नोंदींना स्वतःचे अनुक्रमांक देते व त्या इतर दोघांना कळविते. सणसरच्या ५०० नोंदी झाल्या व त्या सर्वत्र पोहोचल्या. नंतर सणसरची वही नष्ट झाली आणि ४०० क्रमांकापर्यंतची जुनी छायाप्रत वापरात आणली गेली. लिपिकाने नव्या शेतकऱ्यांना पुन्हा ४०१ पासून क्रमांक दिले. लासुर्णे व निमगाव म्हणतात, 'सणसरच्या ५०० पर्यंतच्या नोंदी आम्हाला मिळाल्या आहेत'; म्हणून या नव्या शंभर नोंदी ते स्वीकारतच नाहीत. कोठेही तक्रार उद्भवत नाही. तोडणी सुरू झाल्यावर मात्र शेतकऱ्याच्या लक्षात येते की आपली नोंदच नाही.

डोमेन कंट्रोलर डिस्कच्या जुन्या प्रतिमेवरून परत बसविला की नेमके हेच घडते. तांत्रिक परिभाषेत यास यूएसएन रोलबॅक म्हणतात. योग्य पद्धतीने पुनर्स्थापना केल्यास सर्व्हर स्वतःची नवी ओळख धारण करतो. वरील उदाहरणात, सणसरने वहीला 'ब' हे नवे चिन्ह द्यावे व हरवलेल्या शंभर नोंदी शेजारच्या कार्यालयांकडून मागवून घ्याव्यात, असा त्याचा अर्थ होतो. विंडोज सर्व्हर २०१२ पासून आभासी यंत्रांसाठी ही दक्षता काही अंशी आपोआप घेतली जाते. तथापि त्यासाठी खालील आभासीकरण प्रणालीचीही साथ लागते. जुने सर्व्हर आजही वापरात असलेल्या संस्थांना हा धोका कायम आहे.

तिसरे कारण म्हणजे सर्वच प्रती एकाच वेळी नष्ट होणे. त्याचे ठळक उदाहरण आपल्या राज्याशीही निगडित आहे.

क) मर्स्क प्रकरण : न्हावा-शेवा ते घाना

इंदापूर तालुक्यातील द्राक्षे व डाळिंबे परदेशी जातात ती प्रामुख्याने रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून. २७ जून २०१७ रोजी या बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे संगणक बंद पडले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाशी संबंधित होते. युक्रेनमधील करविषयक सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून पसरलेल्या नॉटपेट्या या घातक आज्ञावलीने समूहाचे जगभरचे जाळे काही तासांत निकामी केले. समूहाच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ टर्मिनलांना त्याची झळ पोहोचली. न्हावा-शेवा येथे काम हाताने करावे लागले व कंटेनरच्या गाड्यांसाठी वाहनतळाची व्यवस्था करावी लागली.

मर्स्ककडे बहुतेक सर्व्हरचे बॅकअप होते. नव्हता तो डोमेन कंट्रोलरचा. जगभर सुमारे १५० डोमेन कंट्रोलर एकमेकांशी जुळवून घेत असल्याने एक गेला तरी इतर आहेतच, अशी धारणा होती. सारेच एका वेळी जातील, ही शक्यता गृहीत धरलेली नव्हती. शोध घेता घेता आफ्रिकेतील घाना येथील एक डोमेन कंट्रोलर सुरक्षित आढळला. त्याचे कारण काय? हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेली होती व तो जाळ्यापासून तुटला होता! ज्या भारनियमनाला आपण आयुष्यभर दूषणे दिली, त्याच्यासारख्याच एका खंडित वीजपुरवठ्याने जगातील अग्रगण्य जहाज कंपनीची ओळखव्यवस्था वाचविली.

तेथून इंग्लंडला ती माहिती पाठविण्यास इंटरनेटची गती अपुरी होती. घानातील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. अखेर एका कर्मचाऱ्याने हार्ड डिस्क नायजेरियाच्या विमानतळापर्यंत नेली व तेथून दुसऱ्याने ती इंग्लंडला पोहोचविली. त्या आधारे दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक व २,५०० अनुप्रयोग पुन्हा बसविले गेले, असे समूहाच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले. या काळात कर्मचाऱ्यांनी हाताने काम करून बहुतांश मालवाहतूक चालू ठेवली. समूहाचे नुकसान मात्र २५ ते ३० कोटी डॉलर्स इतके झाले.

ड) पुनर्उभारणीचा क्रम

पहिला प्रयत्न फसल्यावर घाईने दुसरा व तिसरा प्रयत्न करणे हा मनुष्यस्वभाव आहे. नुकसान बहुधा त्यातूनच वाढते. म्हणून पुढील क्रम पाळणे इष्ट ठरते.

१. थांबणे : बिघडलेला सर्व्हर जाळ्यापासून अलग करावा. मूळ डिस्कवर पुन्हा काहीही लिहू नये. तिची हुबेहूब प्रत घेऊन पुढील सारे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. कोणी, केव्हा, काय केले याची लेखी नोंद ठेवावी.

२. पर्यायी कामकाज : कागदी पावती, दोन प्रतींतील वजन-चिठ्ठी, हस्तलिखित पासबुक नोंद यांचा अवलंब ताबडतोब सुरू करावा. हीच कागदपत्रे पुढे माहितीचा मेळ घालताना पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

३. ओळखव्यवस्था प्रथम : हिशेबाचा सर्व्हर आधी उभा करण्याचा आग्रह व्यवस्थापनाकडून होतो. परंतु डोमेन कंट्रोलर, नावांचे पत्ते सांगणारी डीएनएस व्यवस्था व घड्याळ हे तिन्ही नीट नसतील तर वरचे मजले टिकत नाहीत. सर्व्हर व संगणक यांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला तरी नेहमीच्या मांडणीत प्रवेश नाकारला जातो. एक निर्दोष डोमेन कंट्रोलर निवडून तोच प्रमाण मानावा. यूएसएन रोलबॅक झालेला सर्व्हर दुरुस्त करीत न बसता तो पदमुक्त करावा, उरलेल्या सर्व्हरमधून त्याच्या खुणा पुसाव्यात व तो नव्याने उभारावा. १८० दिवसांहून जुनी प्रत वापरू नये. कारण पुसलेल्या नोंदींची स्मृती सर्वसाधारणपणे तितकीच ठेवली जाते.

४. डेटाबेस व मेळ : त्यानंतर हिशेबाची माहिती परत आणावी. प्रतीनंतरच्या काळातील व्यवहार कागदी पावत्यांवरून भरावेत व दोघांची बेरीज जुळल्याखेरीज खुले करू नयेत.

५. संगणकांची पुनर्जोडणी : प्रत्येक संगणक आपला गुप्त पासवर्ड साधारणतः ३० दिवसांनी बदलतो. जुन्या प्रतीवर आलेल्या डोमेन कंट्रोलरला तो ठाऊक नसल्याने काही संगणक 'विश्वासाचे नाते तुटले' असा संदेश देतात. ते पुन्हा जोडून घ्यावे लागतात.

६. बाह्य जोडणी शेवटी : ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या बँकिंग सेवा पुरवठादारावर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला, तेव्हा राष्ट्रीय देयक महामंडळाने त्याची जोडणी तोडली. परिणामी देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांची देयक सेवा खंडित झाली. सुरक्षा तपासणीनंतर १ ऑगस्ट रोजी जोडणी पूर्ववत झाली. बाहेरचे दार तपासणीनंतरच उघडावे, हा यातील बोध होय.

इ) कायदेशीर बाजू

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. कंपन्यांच्या बाबतीत हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवण्याची तरतूद २०२२ च्या नियमदुरुस्तीने झाली. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून तेथे संचालक मंडळाची स्वतःची जागरूकता अधिक महत्त्वाची ठरते.

उपाय व सूचना :

१. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर व त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा सर्वमान्य नियम पाळावा. यातील एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी.

२. प्रत परत आणण्यास किती वेळ लागेल याचा हिशेब आधीच करावा. ५०० गीगाबाईट माहिती सेकंदास १० मेगाबिट गतीच्या जोडणीवरून आणण्यास सुमारे १११ तास, म्हणजे साडेचार दिवसांहून अधिक काळ लागतो. तीच हार्ड डिस्क इंदापूरहून बारामतीला गाडीने काही तासांच्या आत सहज पोहोचते.

३. पुनर्स्थापनेची रंगीत तालीम घ्यावी. कारखान्यांनी गाळप हंगामापूर्वी व महाविद्यालयांनी प्रवेशप्रक्रियेपूर्वी वेगळ्या, अलग ठेवलेल्या यंत्रावर बॅकअप बसवून पाहावा व लागलेला वेळ नोंदवावा.

४. पुनर्उभारणीचा क्रम व आवश्यक पासवर्ड कागदावर लिहून मोहोरबंद लिफाफ्यात तिजोरीत ठेवावेत. संगणक बंद असताना संगणकातील सूचना कोणासही वाचता येत नाहीत.

५. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बॅकअप घेणे शिकविले जाते. फसलेला बॅकअप सावरण्याचे प्रात्यक्षिकही त्यांच्याकडून करून घ्यावे. या परिसरातील संस्थांना असे मनुष्यबळ स्थानिक पातळीवर मिळू शकेल.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पुनर्स्थापनेचे अपयश हे बहुधा त्या दिवशी घडत नाही. ते पूर्वीच घडलेले असते व त्या दिवशी केवळ उघडकीस येते. बॅकअप घेतला जातो की नाही यापेक्षा तो परत बसतो की नाही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मर्स्कसारख्या बलाढ्य समूहास खंडित विजेच्या योगायोगाने तारले. आपल्या संस्थांनी असा योगायोग गृहीत धरणे योग्य नाही. गावचा शेतकरी कारखान्याच्या काट्यावर ऊस घालून निर्धास्तपणे घरी जातो, तो त्या नोंदीवर विश्वास ठेवून. हा विश्वास यंत्रावर नसून संस्थेवर असतो, आणि म्हणून तो सांभाळण्याची जबाबदारीही संस्थेचीच आहे.